सेंद्रिय बाजार वाढतोय, मग जादा पैसा जातो कुठे?

प्रश्न असा आहे: सेंद्रिय अन्नाची विक्री जगभर वाढते आहे असे आकडे दरवर्षी येतात. तरीही ग्राहकाला हा माल महागच पडतो, बरेच शेतकरी काही वर्षांनी प्रमाणपत्र सोडून देतात आणि चांगल्या नावाच्या कंपन्याही अडचणीत येतात. हे सगळं एकाच वेळी कसं खरं असू शकतं?

धान्याची खरेदी आणि प्रमाणीकरण अशा दोन्ही बाजूंनी मी बराच काळ या व्यवसायात आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. ग्राहक जो जादा पैसा मोजतो, त्यातला शेतीच्या जादा खर्चाला लागणारा भाग लहान असतो. मोठा भाग खर्च होतो तो थोडा माल वेगळा ठेवून, वेगळा वाहून, वेगळा दळून दुकानापर्यंत नेण्यात. ही साखळी जिथे मालाने भरली तिथे बाजार टिकला, आणि जिथे ती अर्धी रिकामी राहिली तिथे विक्री वाढूनही कुणाच्या हाती फारसं उरलं नाही.

आधी आकडे नीट वाचू. 2000 साली जगातली सेंद्रिय अन्नाची किरकोळ विक्री सुमारे 15 अब्ज युरो होती. 2023 मध्ये ती 136 अब्ज युरोंवर गेली. वाढ मोठी आहे, यात वाद नाही. पण त्याच वर्षी जगातली प्रमाणित सेंद्रिय जमीन सुमारे 9.9 कोटी हेक्टर होती, म्हणजे एकूण शेतजमिनीच्या जेमतेम 2 टक्के, आणि त्यातली निम्म्याहून जास्त एकट्या ऑस्ट्रेलियात, तीही बहुतेक चराऊ कुरणं. विक्रीतला 59 अब्ज युरोंचा वाटा अमेरिकेचा, 16 अब्जांचा जर्मनीचा. उत्पादक मात्र जगभरात 43 लाखांच्या आसपास, आणि त्यातले निम्म्याहून अधिक एकट्या भारतात. पैसा एका टोकाला आणि पिकवणारे हात दुसऱ्या टोकाला, अशी या बाजाराची रचना आहे. मधल्या अंतरात चलन बदलतं, नियम बदलतात, प्रमाणपत्रं बदलतात, आणि प्रत्येक बदलाला खर्च असतो.

आणखी एक सावधगिरी. ही सगळी वाढ पैशांत मोजलेली आहे. महागाईच्या वर्षांत किंमत वाढल्यामुळे उलाढाल फुगते आणि विकलेला माल तेवढाच राहतो, कधी घटतोही. कुणी वाढीचा टक्का सांगितला की माझा पहिला प्रश्न असतो, टनांत किती वाढली?

आता शेताकडे येऊ. सेंद्रिय शेतीत उत्पादन कमी येतं हे खरं आहे, पण किती कमी याची चर्चा नेहमी अंदाजाने होते. स्वित्झर्लंडमध्ये 1978 पासून चालू असलेल्या तुलनात्मक प्रयोगात पहिल्या 21 वर्षांच्या नोंदींनुसार सेंद्रिय वाफ्यांमधलं उत्पादन सरासरी 20 टक्के कमी होतं, आणि खतं व ऊर्जेचा वापर 34 ते 53 टक्के कमी. जगभरचे प्रयोग एकत्र करून केलेल्या अभ्यासांतही सरासरी तूट 20 टक्क्यांच्या आसपासच निघते. अर्थात पीक, पाणी आणि जमीन यांनुसार ती खूप खालीवर होते. सरासरीवर विसंबून कुणी आपल्या शेताचा हिशेब मांडू नये.

नफ्याबद्दल 2015 मध्ये एक महत्त्वाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच खंडांतल्या 55 पिकांची माहिती त्यात एकत्र केली होती. वाढीव भाव मिळाला तर सेंद्रिय शेती साध्या, म्हणजे रासायनिक खतं-औषधं वापरणाऱ्या, शेतीपेक्षा 22 ते 35 टक्के जास्त फायदेशीर ठरली. वाढीव भाव काढून टाकला की तीच शेती 23 ते 27 टक्क्यांनी मागे पडली. मजुरीचा खर्च 7 ते 13 टक्के जास्त होता, कारण तणनाशकाची जागा माणसांनी किंवा यंत्राने घ्यावी लागते. या अभ्यासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे: बरोबरीत यायला शेतकऱ्याला फक्त 5 ते 7 टक्के वाढीव भाव पुरेसा होता, आणि प्रत्यक्षात मिळत होता तो 30 टक्क्यांच्या आसपास.

म्हणजे शेताच्या बांधावर गरज लहान आहे. मग दुकानात तोच माल दीडपट, कधी दुप्पट का होतो?

सोयीसाठी गोल आकडे धरू. साधा माल ग्राहकाला 100 ला मिळतो आणि त्यातले 25 शेतकऱ्याकडे जातात. सेंद्रिय मालाला शेतकऱ्याला 40 टक्के वाढीव भाव दिला, तरी त्याच्या हाती 35 आले, म्हणजे 10 जादा. पण दुकानातली किंमत 160 आहे. ग्राहकाने मोजलेल्या जादा 60 मधले 10 शेतापर्यंत पोचले आणि 50 वाटेत राहिले. असं काही सांगितलं की लोक लगेच मधल्या व्यापाऱ्याला दोष देतात. काही ठिकाणी तो दोष योग्यही असतो. पण मी जे हिशेब पाहिले आहेत, त्यांत या 50 चा मोठा भाग कुणाच्या खिशात जात नव्हता, तो खर्चच होत होता.

दुधाचा टँकर घ्या. साध्या दुधासाठी तो एका रस्त्यावरच्या शेजारशेजारच्या गोठ्यांवर थांबत भरतो. सेंद्रिय गोठे विखुरलेले असतात, म्हणून तोच टँकर दुप्पट-तिप्पट अंतर फिरतो आणि तरी पूर्ण भरत नाही. चालकाचा पगार आणि डिझेल मात्र अंतरावर ठरतं. गिरणीत सेंद्रिय गहू दळायचा तर आधीचा साधा माल यंत्रातून पूर्ण काढावा लागतो. सुरुवातीचं काही पीठ साधं म्हणून बाजूला काढतात, काम थांबतं, सफाईची नोंद ठेवावी लागते. दिवसभर एकच माल दळणाऱ्या गिरणीत ही सफाई टनामागे नगण्य पडते, पण दोन तासांची बॅच असेल तर तीच सफाई नफा खाऊन टाकते. गोदामात वेगळी जागा लागते. कीड लागली तर नेहमीची धुरी देता येत नाही, थंडावा किंवा कार्बन डायऑक्साइड यांसारखे महाग उपाय करावे लागतात. ताज्या मालाची विक्री मंद असेल तर शेल्फवर तो खराब होतो आणि त्या नासाडीचा भार उरलेल्या मालाच्या किमतीवर चढतो. यावर दुकानदार आपला नफा टक्क्यांत लावतो. खरेदीभाव जास्त म्हणून त्याचा नफाही आपोआप जास्त, मग शेल्फची जागा आणि मेहनत तेवढीच असली तरी. ही शेवटची गोष्ट मला खटकते. साखळीतला हा एकच खर्च असा आहे जो मालाचं प्रमाण वाढल्याने कमी होत नाही, तिथे वाटाघाटीच कराव्या लागतात.

म्हणून मी म्हणतो की या बाजाराचं खरं अर्थशास्त्र घनतेचं आहे. एका भागात, एका पिकात, एका गिरणीभोवती पुरेसा माल जमला की टनामागचा खर्च झपाट्याने उतरतो. तो जमेपर्यंतची वर्षं सर्वांत कठीण असतात, आणि बहुतेक उपक्रम तिथेच मोडतात.

पिकांच्या फेरपालटीचा मुद्दा तर चर्चेत जवळजवळ येतच नाही. रासायनिक नत्र न वापरता जमिनीत नत्र आणायचं तर द्विदल पिकं, हिरवळीची खतं, चारा अशी पिकं चक्रात घ्यावीच लागतात. समजा चार वर्षांच्या चक्रात गहू एकदा येतो. खरेदीदार येतो तो सेंद्रिय गव्हासाठी. बाकी तीन वर्षांच्या पिकांचं काय? लसूणघास किंवा क्लोव्हर अशा चारापिकांना सेंद्रिय म्हणून घ्यायला जवळपास सेंद्रिय दुभती जनावरं नसतील, तर तो माल साध्या भावाने जातो. कागदावर गव्हाला 40 टक्के वाढीव भाव असला, तरी शेताच्या चार वर्षांच्या एकूण उत्पन्नावर ती वाढ 10 टक्क्यांच्या आसपास येऊन थांबते. जनावरांच्या बाबतीतही हेच. खाटिकाकडे उत्तम तुकड्यांना सेंद्रिय ग्राहक असतो, उरलेलं मांस आणि चरबी साध्या बाजारात जाते, पण जनावराला सगळा खुराक सेंद्रियच घातलेला असतो. एका पिकाची मागणी बघून सेंद्रियकडे वळणाऱ्यांना मी नेहमी हाच प्रश्न विचारतो: चक्रातली बाकी पिकं कोण घेणार? उत्तर नसेल तर मी थांबायला सांगतो.

काळाचं गणितही असंच वाकडं आहे. साधी शेती प्रमाणित सेंद्रिय होण्याला, म्हणजे रूपांतरणाला, युरोपीय संघाच्या नियमांनुसार हंगामी पिकांसाठी 2 वर्षं आणि फळबागांसाठी 3 वर्षं लागतात. अमेरिकेत निषिद्ध खतं-औषधं शेवटची वापरल्यापासून 3 वर्षं जावी लागतात. या काळात उत्पादन घटलेलं असतं, तणांचा अनुभव नवा असतो आणि माल विकावा लागतो साध्या भावाने. आज भाव चढला म्हणून जो शेतकरी वळतो, त्याचा माल बाजारात येतो दोन-तीन वर्षांनी, इतर सगळ्यांच्या मालाबरोबर. मग भाव पडतो. फ्रान्समधलं दूध हे याचं ताजं उदाहरण आहे. चांगल्या वर्षांत अनेक गोठे वळले, 2021 नंतर मागणी थबकली, आणि गोळा झालेल्या सेंद्रिय दुधाचा मोठा भाग साधं दूध म्हणून विकावा लागला. डेअरीने सेंद्रिय भाव दिला आणि विकलं साध्या भावाने, हे किती दिवस चालेल? त्यातच 2022 मध्ये गॅस आणि रासायनिक खतं महागल्यामुळे साध्या दुधाचा भावच वर गेला, दोन्हींमधला फरक आक्रसला, आणि काहींना सेंद्रिय राहण्याचं आर्थिक कारणच उरलं नाही.

ग्राहकाच्या बाजूने पाहिलं तर लोक तंगीत सेंद्रिय माल पूर्ण सोडत नाहीत, पण विकत घेण्याची जागा बदलतात. ब्रिटनमध्ये 2008 च्या आर्थिक संकटानंतर, 2009 मध्ये, सेंद्रिय विक्री जवळजवळ 13 टक्क्यांनी घसरली आणि सावरायला बरीच वर्षं लागली. जर्मनीत 2022 मध्ये बऱ्याच वर्षांच्या सलग वाढीनंतर विक्री खाली आली. पण तिथे घसरण मुख्यतः खास सेंद्रिय दुकानांत झाली, आणि स्वस्त सुपरमार्केट साखळ्यांच्या स्वतःच्या ब्रँडचा सेंद्रिय माल वाढला. ग्राहकासाठी ही चांगली बातमी आहे, साखळी भरण्यासाठीही. उत्पादकासाठी तिची दुसरी बाजू आहे. साखळीच्या स्वतःच्या ब्रँडमध्ये शेतकऱ्याचं किंवा प्रक्रियादाराचं नाव पुसलं जातं, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या देशातून थोडा स्वस्त माल मिळाला तर करार तिकडे जातो. घनता आणि सौदाशक्ती या दोन्हींची गरज असते, आणि एक मिळवताना दुसरी हातची जाते. सहकारी संस्था करून एकत्र विक्री करणं याखेरीज मला तरी टिकाऊ उपाय दिसलेला नाही.

विश्वासाचा खर्चही आहे. सेंद्रिय गहू आणि साधा गहू डोळ्यांना सारखेच दिसतात, प्रयोगशाळेतही नेहमी ओळखू येत नाहीत. प्रमाणपत्र हे पिकवण्याच्या पद्धतीचं असतं, त्यामुळे सगळा बाजार नोंदींवर उभा आहे. एखाद्याने फसवणूक केली तर नुकसान प्रामाणिक शेतकऱ्यांचं होतं, कारण खोटा माल भाव पाडतो. अमेरिकेत मिसूरीतल्या एका धान्य व्यापाऱ्याने 2010 ते 2017 या काळात 14 कोटी डॉलरहून जास्त किमतीचं धान्य सेंद्रिय म्हणून विकलं, त्यातलं बहुतांश साधं होतं. 2019 मध्ये त्याला 10 वर्षांची शिक्षा झाली. त्या सगळ्या वर्षांत शेजारचे खरे सेंद्रिय शेतकरी त्याच्या भावाशी स्पर्धा करत होते, त्यांना भरपाई कोण देणार? त्यानंतर अमेरिकेने नियम कडक केले. 2024 च्या मार्चपासून आयात होणाऱ्या प्रत्येक सेंद्रिय मालासोबत इलेक्ट्रॉनिक प्रमाणपत्र सक्तीचं आहे आणि आधी सुटलेले अनेक दलाल, व्यापारीही आता प्रमाणीकरणाखाली आले आहेत. मला हे योग्य वाटतं. पण कागदांचा हा भार टनांवर वाटला जातो, आणि ज्याचे टन कमी त्याच्यावर तो जड पडतो.

लहान शेतकऱ्यांसाठी गट प्रमाणीकरण म्हणूनच निघालं. गट स्वतःची अंतर्गत नियंत्रण प्रणाली चालवतो आणि बाहेरचा निरीक्षक काही सभासदांची तपासणी करतो. युरोपीय संघाच्या नव्या नियमावलीने, जी 2022 पासून लागू झाली, गटाला 2000 सभासदांची मर्यादा घातली आणि गट स्वतंत्र कायदेशीर संस्था असला पाहिजे अशी अट घातली. फार मोठ्या गटांत देखरेख ढिली पडते, हे मी जवळून पाहिलं आहे, त्यामुळे मर्यादेमागचा हेतू मला पटतो. पण 8000 सभासदांच्या संस्थेचे चार-पाच भाग करायचे म्हणजे तेवढ्याच नोंदणी, तेवढेच लेखापाल, तेवढीच तपासणी. हा खर्च कॉफी किंवा कोको विकत घेणाऱ्या कंपनीने उचलला नाही तर तो सभासदाच्या भावातूनच जाणार.

सरकारांचं काय? पुरवठ्याला धक्का देणं त्यांना सोपं वाटतं, कारण हेक्टरी अनुदान मोजता येतं. युरोपीय संघाने 2030 पर्यंत 25 टक्के जमीन सेंद्रिय करायचं उद्दिष्ट ठेवलं, आणि 2023 मध्ये ती 11 टक्क्यांच्या आसपास होती. मागणी त्याच वेगाने वाढली नाही, तर वाढलेल्या जमिनीचा माल साध्या भावाने जाईल आणि सुरुवातीपासून सेंद्रिय असलेला शेतकरी भरडला जाईल. श्रीलंकेचं उदाहरण याहून टोकाचं. 2021 मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी आली, पुरेसं सेंद्रिय खत नव्हतं, भाताचं उत्पादन घसरलं आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घ्यावी लागली. सेंद्रिय शेती फसते याचा पुरावा म्हणून लोक हे उदाहरण देतात. त्यात सिद्ध झालं ते एवढंच की नत्राची पर्यायी सोय न करता एका हंगामात देश वळवता येत नाही. या व्यवसायातल्या कुणीही तो सल्ला दिला नसता.

डेन्मार्कने पुरवठा आणि मागणी अशी दोन्ही टोकं धरली. 1987 मध्ये सेंद्रिय शेतीचा कायदा केला, मग सरकारी चिन्ह आणलं. 1993 मध्ये एका सहकारी सुपरमार्केट साखळीने सेंद्रिय मालाचे भाव बरेच उतरवले आणि मागणी एवढी उसळली की माल पुरेना. आज तिथे किरकोळ अन्नविक्रीत सेंद्रियचा वाटा सुमारे 12 टक्के आहे, जगात सर्वाधिक देशांपैकी एक. पण मला सर्वांत शिकण्यासारखं वाटतं ते कोपनहेगनच्या सार्वजनिक स्वयंपाकघरांचं काम. शाळा, पाळणाघरं, वृद्धाश्रम यांच्या जेवणात सेंद्रियचा वाटा 90 टक्क्यांच्या जवळ नेला, तोही जेवणाचा खर्च न वाढवता. ते जमलं कसं? स्वयंपाक करणाऱ्यांना प्रशिक्षण दिलं, तयार पदार्थ कमी केले, मांसाचं प्रमाण घटवलं, हंगामी भाज्या आणि कडधान्यं वाढवली, वाया जाणारं अन्न कमी केलं. प्रशिक्षणाला पैसा लागला, पण तो एकदाच. आणि या स्वयंपाकघरांची मागणी वर्षभर ठरलेली, मोठ्या प्रमाणातली आणि चक्रातल्या सगळ्या पिकांना सामावणारी होती. टँकर भरणारी मागणी म्हणतात ती हीच. मला अनुदानाचा एक रुपया किंवा एक युरो कुठे घालायचा असं विचारलं, तर मी तो आधी अशा स्वयंपाकघरांत घालेन आणि मग हेक्टरांत.

साध्या अन्नाची खरी किंमत बिलात दिसत नाही, हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. जागतिक अन्न व कृषी संघटनेने 2023 मध्ये अन्नव्यवस्थेचा छुपा खर्च वर्षाला किमान 10 लाख कोटी डॉलर असल्याचा अंदाज मांडला. त्यात आजारपणाचा वाटा सर्वांत मोठा आहे, पर्यावरणाचाही आहे. पाण्यातलं नत्र, कीटकांची हानी हे खर्च कुणीतरी भरतंच, हे मला पूर्ण मान्य आहे. पण सेंद्रियला जमीन जास्त लागते, हेही त्याच हिशेबात धरलं पाहिजे. शिवाय समाजाचा वाचलेला खर्च शेतकऱ्याच्या खात्यात आपोआप जमा होत नाही. तो पोचवायची व्यवस्था होईपर्यंत त्याला या महिन्याच्या विक्रीवरच जगायचं आहे.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्याला माझं व्यवहारातलं सांगणं असं. शेतकरी असाल तर सगळी जमीन एकदम वळवू नका, तुकड्यातुकड्याने वळवा, म्हणजे रूपांतरणाचा तोटा एकाच वर्षी अंगावर येत नाही. मात्र दोन्ही प्रकारचं एकच पीक शेजारी घेण्यावर नियमांत बंधनं असतात, ती आधी प्रमाणीकरण संस्थेकडून समजून घ्या. करार करताना भावाबरोबर किती माल उचलणार हे लिहून घ्या. साध्या बाजारभावावर अमुक टक्के अशा सूत्रात बाजार पडला की तुमचाही भाव पडतो, म्हणून तळाचा भाव ठरवून घ्या. शेजारच्या शेतातून फवारा उडून आला आणि लॉट नाकारला गेला तर नुकसान कुणाचं, हेही त्यात असू द्या. बहुतेक करार याबाबत गप्प असतात. प्रक्रियादार असाल तर दहा उत्पादनांनी सुरुवात करू नका. एकाच कच्च्या मालाची दोन-तीन उत्पादनं घ्या, गिरणीचा पूर्ण दिवस भरेल एवढी मागणी जमवा आणि मगच पुढचं पीक घ्या. निवडताना ते पीक तुमच्याच शेतकऱ्यांच्या फेरपालटीत आधीपासून असलेलं निवडा, कारण आज ते साध्या भावाने विकलं जात असण्याची शक्यताच जास्त आहे.